चांदीची पेटी आणि चहाचा ट्रे

वास्को, रविवार रात्र

शेजारचे अंकल आज आमच्याकडे एक जुना इंग्रजी चित्रपट पाहायला आले होते. दुसऱ्या महायुद्धातले मालवाहू जहाज, त्याच्या तळाशी दडवलेली चांदी आणि तिच्यासाठी कप्तानावर उलटलेला चीफ ऑफिसर, असे त्याचे कथानक. अंकलची सगळी नोकरी तारवटी (जहाजावरचा कामगार) म्हणून, जहाजाच्या सलूनमध्ये, म्हणजे जेवणाच्या दालनात, वाढप्याचे काम करण्यात गेली, त्यामुळे ते असे चित्रपट परीक्षकाच्या नजरेने पाहतात. फितूर अधिकारी आणि त्याचा साथीदार नाण्यांची पेटी धरून शिडीवरून धावत सुटले, तेव्हा ते मोठ्याने हसले आणि पेटी रिकामी असल्याचे त्यांनी जाहीर केले.

मी हिशेब करून पाहिला. ‘सिटी ऑफ कैरो’ हे खरेखुरे जहाज ऑक्टोबर 1942 मध्ये मुंबईहून निघाले, तेव्हा त्यात चांदीच्या नाण्यांच्या सुमारे 2,000 पेट्या, म्हणजे जवळपास 100 टन चांदी होती. एकेक पेटी सिमेंटच्या गोणीएवढी, 50 किलोंची. ती घेऊन शिडीवर धावणे दोघांनाही जमणार नाही. त्या जहाजाला बुडवायला कोणी फितूर लागलाही नाही. 6 नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने त्याला गाठले ते त्याच्या धुरामुळे. जुन्या इंजिनांनीच त्याची चुगली केली. ती चांदी पाच किलोमीटरहून अधिक खोलीवरून वर यायला 2013 साल उजाडले.

फितुरी मात्र अंकलना खोटी वाटली नाही. जहाजावर कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे सर्वांत आधी वाढप्याला कळते, कारण मेजावर कोण कोणाला मीठ द्यायचे टाळतो हे तोच पाहतो, असे ते म्हणाले. या चित्रपटातला वाढपी (चेहऱ्यावरून तो आपलाच गोंयकार असावा, असा त्यांचा दावा) अवघ्या दोनदा दिसतो, दोन्ही वेळा कप्तानाच्या केबिनमध्ये चहा ठेवून निघून जातो, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. याचे अंकलना फारसे वाईट वाटले नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती: बाहेर वादळ चालू असताना त्याने ट्रे दोन्ही हातांनी धरला होता. उठून, आमचाच ट्रे डाव्या तळव्यावर तोलून आणि उजव्या हाताने दाराची चौकट धरून, तो कसा धरायचा हे त्यांनी आम्हाला दाखवले.