पट्ट्यावरचं दुसरं नाव

धानोरा तालुक्यात कृषी सहायक होते तेव्हाची गोष्ट. गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल, त्यामुळे आमच्याकडे फळबाग लागवड घेणाऱ्यांत वनहक्क पट्टेधारक, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर कायद्याने हक्क मिळालेले, बरेच. रोजगार हमीतून खड्डे, कलमं, निगराणी यांचा पैसा तीन वर्षांत मिळतो. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पैशासाठी कोरडवाहू बागेत किमान 75 टक्के झाडं जिवंत लागतात. तीच मोजायला गेले होते.

एक हेक्टर, दहा बाय दहा मीटरवर शंभर आंबे. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, त्यातली आग वाऱ्याने बागेत शिरली होती. घरधनी हिवाळ्यातच वारला होता. बाग गेली असणार, असंच धरून चालले होते.

त्याची बायको, काकू, पुढे, मी मागे. करपलेल्या प्रत्येक रोपापाशी त्या बसायच्या, माती सारून कलमाचा जोड दाखवायच्या. जोडाच्या वर फूट आली तर कलम जिवंत. जोडाखालून आली तर ती, ज्यावर कलम बांधलं, त्या गावठी कोयीच्या रोपाची. कितीही हिरवी दिसो, कलम गेलेलं. "हे धरू नका मॅडम, हे गावठी होय," असं त्याच सांगत होत्या, पैसा त्यांचा अडकलेला असताना! मोजणी 79 वर थांबली. बोडीतून, म्हणजे छोट्या तळ्यातून, हंड्याने पाणी आणून एकट्या बाईने जगवलेली 79 झाडं.

बांधावरूनच कार्यालयात फोन लावला. उत्तर आलं, फाइल नवऱ्याच्या नावाची आहे, वारस नोंद होईपर्यंत देयक थांबवा. म्हणजे पावसाळा हातचा जाणार.

"काकू, पट्टा आहे का घरी?" धान्याच्या ढोलीमागून प्लास्टिकची पिशवी निघाली. पट्ट्यावर दोन नावं होती, नवऱ्याचं आणि त्यांचं. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(4) हेच सांगतं: विवाहिताचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे, विकता न येणारा. नवऱ्याच्या हिश्शाची वारस नोंद यथावकाश होईलच, पण काकू त्या जमिनीच्या धारक आधीपासूनच होत्या. रोजगार हमीचं जॉबकार्ड तर कुटुंबाचं, त्यातही त्यांचं नाव. आपल्या अर्जात लाभार्थ्याचा रकाना एकच असतो आणि तिथे पुरुषाचं नाव जातं, म्हणून कायद्याने दिलेलं दुसरं नाव कुणी बघतच नाही. मला याचा फार राग येतो.

पंचनामा तिथेच लिहिला, पट्ट्याची प्रत जोडली, दुसऱ्या दिवशी ती कायद्याच्या कलमासकट साहेबांपुढे ठेवली. वाद झाला, पण मान्य झालं. पैसे काकूंच्या खात्यात पावसाआधी आले.

उरलेल्यांपैकी ज्यांना गावठी फूट होती, त्यांच्यावर पावसाळ्यात जागेवरच मृदुकाष्ठ (कोवळ्या फुटीवरची) कलमं बांधली. बाकीच्या नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, नव्या कलमांनी भरल्या. जंगलाच्या बाजूने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायचं काकूंनीच सुचवलं, आणि शेजारच्या दोन पट्टेधारकांनाही त्यात ओढलं.