अंतूरचा रस्ता आणि झटके देणारी गाडी

"अंतूर किल्ल्याच्या दारापर्यंत गाडी जाते" असं छातीठोकपणे सांगणारे कन्नड तालुक्यातल्या नागापूरच्या पुढे स्वतः कधी गेलेत का, मला शंका आहे. जाते, खोटं नाही. कशी जाते ते मात्र कुणी सांगत नाही.

संभाजीनगर ते कन्नड धुळे हायवे, वाटेत वेरूळ. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नागापूर सोडलं की मुरूम, सुटे दगडगोटे, पावसाने खणलेल्या चाकोऱ्या आणि वर चढ. ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीची बाईक असली तरी वेग पंधरा-वीसच्या वर जात नाही, आणि बीएस-६ (प्रदूषण नियमांतल्या) इंजेक्शनचे रंग नेमके इथेच दिसतात. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतो, जरा पिळला की एकदम सोडतो. मधलं काही नाही. खड्ड्यात आदळलं की मनगट हलतं, मनगट हललं की गाडी उसळते, गाडी उसळली की मनगट परत हलतं. वर पोचेपर्यंत दंड भरून आले.

निघायच्या आधी सर्व्हिस सेंटरला हीच तक्रार केली होती. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केली म्हणून अठराशेचं बिल लावलं, झटके जिथल्या तिथे. वर सल्ला, "या मॉडेलला असंच असतं, रीमॅप करून घ्या." म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअरच बदला. येताना कन्नडला टायरमध्ये हवा भरायला थांबलो, तर शेजारच्या मेकॅनिकने चेन नुसती बोटाने उचलून दाखवली. स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला टेकत होती! ॲक्सिलरेटरची मूठ तर बोटभर फिरल्यावर केबल ओढायची. दोन्ही ॲडजस्ट केले, पन्नास रुपये घेतले. निम्म्याहून जास्त झटके तिथेच गेले.

म्हणून आधी केबलचा प्ले (ढिलाई) दोन-तीन मिलिमीटरवर आणा. चेन मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढीच ताणा. तारेसारखी घट्ट केली तर माणूस बसल्यावर बेअरिंगवर येतं. केबलच नसलेली, राइड-बाय-वायरची (मूठ इलेक्ट्रॉनिक असलेली) गाडी असेल तर रेन मोड लावा, त्यात ॲक्सिलरेटर मऊ होतो. एवढं केल्याशिवाय रीमॅपवर एक रुपया घालू नका, वॉरंटी जाईल ती वेगळीच.

चढाला दुसरा गिअर, क्लचवर दोन बोटं, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, आणि ॲक्सिलरेटर कधीच पूर्ण बंद नाही. उजवा अंगठा स्विचच्या डबीला टेकवून ठेवा, मनगट आपोआप शांत राहतं. उतरताना पहिला गिअर टाका आणि इंजिनलाच ब्रेक मारू द्या.

डबलसीट? अजिबात नको. भर पावसाळ्यातही नको, काळी माती मडगार्डमध्ये भरली की चाक फिरत नाही.

किल्ल्याच्या वाटेवर निझामशाहीतला, फारसी अक्षरांचा दिशादर्शक दगडी खांब आहे. त्या काळी निदान पाटी तरी लावायचे. पेट्रोल आणि पाणी कन्नडलाच भरा, पुढच्या भरवशावर राहू नका.