गिऱ्हाईक काय मागतं आणि का मागतं

"आम्ही काय जाहिराती बघून घेत नाही हो" हे वाक्य मला सतत ऐकायला मिळतं, आणि म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. पण आमचं किराणा दुकान आहे सांगलीत, गणपती पेठेच्या जवळच, लग्न होऊन आल्यापासून मी गल्ल्यावर बसते, आणि मला दिसतं ते असं की जाहिरात टीव्हीसमोर बसल्यावर काम करत नाही, ती काम करते दुकानात आल्यावर. टूथपेस्ट द्या असं कुणी म्हणत नाही, नाव घेतात. ते नाव तोंडात कधी आलं, कुणी आणलं, हे विचारलं तर सांगता येत नाही कुणाला. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ज्याला आपली आवड म्हणतो त्यातली बरीचशी कुणीतरी बसून, पैसे घालून तयार केलेली असते, आणि हे कळायला मार्केटिंगचा कोर्स करायची गरज नाही, आठवडाभर किराणा दुकानात उभं राहिलं तरी पुरे.

मोती साबणाचं घ्या. वर्षभर आमच्याकडे तो मागच्या फळीवर असतो, एखादी वडी गेली तर गेली. आणि नवरात्र संपलं की डीलरला फोन करून बॉक्सच्या बॉक्स सांगून ठेवावे लागतात, कारण वसुबारसेला संपला तर गिऱ्हाईक दुसरा साबण घेत नाही, सरळ दुसऱ्या दुकानात जातं. हा मुळात टाटा ऑइल मिल्सचा साबण, ती कंपनी १९९३ ला हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली तेव्हापासून त्यांचा. आता अभ्यंगस्नान म्हणजे तेल आणि उटणं, साबण त्यात नंतर आला, पण आज मोती नसला तर नरकचतुर्दशी झाल्यासारखी वाटत नाही असं म्हणणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, माझे सासरे अण्णा त्यातलेच. वास चंदनाचा नाहीतर गुलाबाचा, वडी गोल आणि हातात भरेल एवढी मोठी, आणि पहाटेच्या अंधारातली आठवण. मला मोतीच्या जाहिरातीबद्दल तक्रार नाही, उलट कौतुकच आहे, कारण तिने कुणाला फसवलं नाही, घरात होतं त्यालाच धरून जागा मिळवली. पण ताकद केवढी आहे बघा, एका कंपनीची वस्तू सणाचा भाग होऊन बसली.

जिथं मला काळजी वाटते ती गोष्ट रंगाची.

सांगलीत राहून हळदीबद्दल बोलायचं नाही असं होणार नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन, म्हणजे माल या भागातलाच अशी सरकारी ओळख, मिळालं, मार्केट यार्डात इथलाच नाही तर कर्नाटकातला, तेलंगणातला मालही सौद्याला येतो. आमच्याकडे अजून काही मावशी येतात त्या पावडर घेत नाहीत, हळकुंड घेतात. एक उचलणार, दोन्ही हातांनी मोडणार, कट्टकन मोडलं तर वाळलेलं चांगलं, मग आतला रंग बघणार, तो बाहेरच्यापेक्षा गडद, जवळजवळ नारिंगी लागतो, मग वास घेणार, आणि मगच किलोचा भाव विचारणार. त्यांच्या सुना येतात त्या पाकीट घेतात, घाईत असतात बिचाऱ्या, नोकऱ्या आहेत, त्यांना दोष नाही. पण पाकीट बंद असतं. मोडता येत नाही, वास येत नाही, मग उरतं काय तर रंग आणि पाकिटावरचा फोटो. आणि फोटोतली हळद नेहमी पिवळीधमक. मग सुटी दळलेली हळद दाखवली की "ही जरा मळकट वाटते" असं ऐकायला मिळतं, जी खरी चांगली असते तीच.

हे साधं वाटतं पण याचं टोक कुठवर जातं ते बांगलादेशात दिसलं. तिथं १९८० च्या दशकात पुरात हळद भिजून काळवंडली, आणि ती परत पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट लावायची पद्धत पडली, म्हणजे शिशाचा रंग, जो पोरांच्या मेंदूला घातक आहे. गिऱ्हाईकाला झगझगीत पिवळं आवडतं म्हणून ते पुढं चालूच राहिलं. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या आणि तिथल्या संशोधकांनी ते उघड केलं, बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं, सरकारने धाडी घातल्या, लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. मला हे वाचल्यावर सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, आठवली, २००५ च्या पुरात त्यात पाणी शिरलं होतं आणि हळदीचं काय झालं हे अण्णा अजून सांगतात. भिजलेल्या मालाचं नुकसान काय असतं हे सांगलीला वेगळं सांगायला नको.

गुळाचं तर अजून गमतीशीर आहे. पूर्वी गिऱ्हाईकाला पांढरटपिवळी ढेप लागायची, काळपट गूळ म्हणजे हलका माल, तो जनावरांना नाहीतर दारूला असा समज. म्हणून गुऱ्हाळवाले भेंडीच्या पाण्यावर मळी काढायची सोडून हायड्रोस पावडर टाकायला लागले, गूळ गोराचिट्टा व्हायचा. मग सेंद्रियची लाट आली, जाहिराती आल्या, व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरले, आणि तीच माणसं आता येऊन म्हणतात काळा गूळ द्या, पिवळ्यात केमिकल असतं. भावही काळ्याला जास्त! पण गुळाचा रंग उसाच्या जातीवर असतो, जमिनीवर असतो, रस किती उकळला त्यावर असतो. काळा म्हणजे बिनकेमिकल आणि पिवळा म्हणजे केमिकल असं काही नसतं, काळा गूळ नुसता जास्त आटवलेलाही असू शकतो. आधी पिवळ्यावर डोळे झाकून विश्वास, आता काळ्यावर. चव मात्र कुणी बघत नाही, मी खडा पुढं केला तरी "राहू दे ओ वहिनी" म्हणतात.

आता पैशाचं. पाच रुपयांचा बिस्किटपुडा माझ्या लहानपणापासून पाचच्या आसपासच आहे, हे कसं शक्य आहे? पुडा बारीक होत गेला. किंमत एक रुपयाने वाढवली तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक भांडतं, दहा ग्रॅम कमी केले तर कुणाला कळतही नाही, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. २०२५ च्या सप्टेंबरात बिस्किटावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा कंपन्यांची खरी अडचण या पाच आणि दहाच्या पुड्यांची झाली, कारण पोरगं हातात पाचचं नाणं घेऊन येतं, त्याला पन्नास पैसे परत कुठून देणार, म्हणून कितीतरी कंपन्यांनी किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवतो असं सांगितलं. म्हणजे ग्रॅम वर-खाली करता येतात, नाणं हलवायचं नाही.

आणि मोठं पाकीट स्वस्त पडतं हा समज तर सोडूनच द्या. शाम्पूच्या पुड्या आणि बाटली यांचा मिलीप्रमाणे हिशेब करून बघा एकदा, कितीतरी ब्रँडमध्ये पुडीच स्वस्त निघते. आता पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला असतो, बारीक असतो पण असतो, तेवढा बघितला तरी काम होतं.

एमआरपीचाही एक गैरसमज आहे. ती १९९० पासून सगळ्या करांसहित छापावी लागते, त्याहून जास्त घेणं गुन्हा आहे, पण बऱ्याच जणांना वाटतं ती सरकारने ठरवलेली असते. नाही. कंपनीच ठरवते. म्हणून काही मालावर, विशेषतः डबे, बाटल्या, गिफ्ट पॅक, ड्रायफ्रूट, एमआरपी इतकी फुगवलेली असते की निम्म्यात विकूनही दुकानदाराला भरपूर सुटतं, आणि गिऱ्हाईक "५० टक्के ऑफ" म्हणून खूश. मला अशा मालाला हात लावायला नको वाटतं पण ठेवला नाही तर मिरज रोडच्या मॉलमध्ये जातात, हे पण खरंय.

दुकानातली मांडणीसुद्धा आमची नसते पूर्ण. डोळ्यांसमोरची फळी, काउंटरवरची बरणी, वरून लोंबणाऱ्या माळा, याचे कंपन्या पैसे नाहीतर जादा माल देतात, सेल्समन मोबाईलवर फोटो काढून वर पाठवतो, फोटोत माल नीट दिसला नाही तर ती डिस्प्लेची स्कीम बंद. कोल्ड्रिंकवाले फ्रीज फुकट देतात, अट एकच, त्यात दुसऱ्याची बाटली ठेवायची नाही. पोरांची चॉकलेटं पोरांच्या उंचीवर. आई बिल देत असते तेव्हा पोराचा हात तिथंच पोचतो.

एक बाई येतात, नाव नाही लिहीत, मुलगा पाचवीत आहे, बारीक आहे, त्यांना सारखी काळजी. नवरा कारखान्यावर सीझनला जातो, पैसे मोजूनमापून. पण दुधात टाकायची पावडर महिन्याला येतेच, का तर डब्यावर उंच होणारा मुलगा आहे आणि वर ताकद, उंची, बुद्धी सगळं लिहिलंय. एकदा दुकानात गर्दी नव्हती तेव्हा मी डबा फिरवून मागची बाजू दाखवली. घटक पदार्थ वजनाच्या क्रमानं लिहावे लागतात, जे सगळ्यात जास्त ते आधी, आणि साखर अगदी सुरुवातीलाच होती. त्या बराच वेळ डबा हातात धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मग यापेक्षा शेंगदाण्याचा लाडू काय वाईट?" मी म्हटलं काहीच वाईट नाही वहिनी, चांगलाच आहे. त्यांनी पाव किलो शेंगदाणे आणि गूळ नेला. माझी विक्री कमी झाली तरी चालेल, पण गरीब आईच्या काळजीवर असा धंदा होतो तेव्हा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं की बोर्नव्हिटा आणि तसली पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदरात ठेवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची गोष्टच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा बनवलेल्या ज्यूसवरचा "१०० टक्के फळांचा रस" हा दावा काढायला लावला. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीची ग्लो अँड लव्हली झाली, पण आमच्याकडे अजून "फेअर लव्हली द्या"च म्हणतात. डोक्यात गेलेलं नाव पाकीट बदलून निघत नाही.

ऑनलाइनचं मी फार सांगणार नाही, तो माझा धंदा नाही, पण माझ्या नणंदेच्या मोबाईलवर बघितलं, "फक्त २ शिल्लक", उलटा चालणारा टाइमर, आणि बिलात न विचारता टाकलेली देणगी. या सगळ्याला डार्क पॅटर्न म्हणतात आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे १३ प्रकार नियमात बसवून त्यांच्यावर बंदी घातली आहे. न विचारता बास्केटमध्ये काही टाकणं त्यात आहे, खोटी घाई करणंही आहे. असलं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, बिल ठेवा, आणि १९१५ ला फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतून बोलता येतं. आणि हो, दुकानदाराने एमआरपीपेक्षा जास्त घेतले तरी हाच नंबर, आमच्या दुकानाबद्दल असेल तरीसुद्धा.