सिंहगड लेख: संदर्भ फिरून आपल्याच पानावर आला

मागच्या वेळी आनंदाने कळवलं होतं की मराठी विकिपीडियावरच्या आपल्या सिंहगड लेखातल्या ‘तानाजींच्या बलिदानानंतर कोंढाण्याला सिंहगड हे नाव पडलं’ या वाक्याला पृष्ठक्रमांकासकट पुस्तक सापडलं आणि ‘संदर्भ हवा’ साचा, म्हणजे वाक्याला पुरावा नाही ही खूण, काढला. काल रात्री तो साचा परत लावला.

पुस्तक नीट वाचायला घेतलं आणि उदयभानाच्या वर्णनात ‘शिबंधी’ दिसलं. शिबंदीचं, म्हणजे गडावरच्या फौजेचं, शिबंधी. नेमकी हीच चूक आपल्या लेखातही आहे! मग आधी कोण? कोणतं वाक्य लेखात कधी आणि कोणी घातलं ते शोधणाऱ्या विकिब्लेम या साधनाला वाक्य दिलं. मंद आहे, पण जुन्या आवृत्त्या खणायला मला तेच भरवशाचं वाटतं. निकाल असा: वाक्य एका अनामिक अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) आलेलं, संदर्भाविना, पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या चार वर्षं आधी. लेखकाने आपल्याकडून उचललं आणि मी तेच पुरावा म्हणून परत आणलं. फार लागलं मनाला. ४ फेब्रुवारीच्या स्मृतिदिनाची वृत्तपत्रांतली तीन कात्रणंही तपासली. शब्दरचना तीच, म्हणून तीही बाद. इतिहासाच्या लेखात बातमीचा संदर्भ मी यापुढे घेणार नाही.

मग सभासदाची बखर, म्हणजे शिवाजी महाराजांचं जुनं चरित्र, उघडली. स्कॅन स्वच्छ आहे, पण ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारी प्रणाली, जोडाक्षरांची पार माती करतं, त्यामुळे शोध न वापरता पानामागून पान डोळ्यांखालून घातलं. मेहनत वसूल झाली. दोन निवडक मावळे वानरांसारखे कडा चढतात, वरून माळ (दोराची शिडी) लावतात, मग बाकीचे चढतात. घोरपड कुठेच नाही! आणि महाराजांच्या तोंडी आहे, ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’. इथे सिंह नाही. शिवाय १६६३ च्या एका पत्रात सिंहगड हे नाव आधीच येतं, म्हणजे १६७० च्या लढाईच्या सात वर्षं आधी. वाक्य बिनसंदर्भ तर होतंच, चुकीचंही निघालं.

आज ते सरळ उडवायला बसलो होतो. पण हे लिहितानाच वाटतंय, नुसतं उडवलं तर आठवड्यात कोणीतरी परत घालेल, कारण ही कथा घराघरांत ठाऊक आहे. त्यापेक्षा ‘नाव’ असा वेगळा विभाग करतो: आधी पत्र, मग बखर, मग आख्यायिका, आणि ती आख्यायिका आहे असं स्पष्ट लिहून. घोरपडही तिथेच, शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याच्या नावावर. पोवाडा खोटा ठरवायचा नाही, कोण काय म्हणतं एवढं वाचकाला दिसलं पाहिजे.

अडचण एकच उरली. पत्र प्राथमिक साधन आहे. त्यावरून मीच निष्कर्ष काढला तर ते मूळ संशोधन होईल, आणि ते विकिपीडियावर चालत नाही. या पत्राची चर्चा करणारा इतिहासकाराचा ग्रंथ कोणाच्या कपाटात असेल, तर त्या पानाचा आणि आवृत्तीच्या पानाचा फोटो हवाय. मसुदा माझ्या धूळपाटीवर (कच्च्या लिखाणाच्या पानावर) आहे, ‘शिबंधी’ची जुळणी चर्चापानावर टाकली आहे.