बर्फाआधीची धूळपेरणी

न्यू जर्सीत घराभोवतीचं लॉन ही हौस कमी आणि जबाबदारी जास्त. उन्हाळ्यात हुमणीच्या जातीच्या अळ्या मुळं खातात, कधी पाण्याच्या पाइपासाठी चर खणावा लागतो, आणि अंगणाला टक्कल पडतं. ते भरायची खरी वेळ ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, कारण तेव्हा माती ऊबदार आणि हवा गार असते. ती हुकली, तर गवताच्या बियाण्याची पिशवी गॅरेजमध्येच राहू द्यावी. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात टाकलेलं बी उगवतं, पण दोन पानांवर असतानाच जमीन गोठते, कोवळी मुळं वर उचलली जातात आणि रोप वाळतं.

पुढची संधी थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार उलटल्यावर येते. मातीचं तापमान ४-५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं आणि तिथेच राहिलं, की पेरायचं. हे बी एप्रिलपर्यंत मातीत नुसतं पडून राहतं. आपल्याकडे मृगाआधी कोरड्या मातीत धूळपेरणी करतात, त्यातलाच हा प्रकार, आणि धोकाही तोच. एखादा वळीव पडून बी फुटतं, मग पाऊस ओढ देतो आणि दुबार पेरणी माथी येते. इथला वळीव म्हणजे जानेवारीतले चार-पाच उबदार दिवस.

म्हणून बियाणं निवडताना पहिला प्रश्न असा, की हे गवत किती उतावीळ आहे? पेरेनियल रायग्रास सगळ्यात उतावीळ. ऊब मिळाली तर ५ ते १० दिवसांत उगवतं, त्यामुळे खोट्या वसंताला तेच आधी फसतं. मिश्रणात ते वजनाने २० टक्क्यांच्या वर नको. टॉल फेस्क्यूला ७ ते १४ दिवस लागतात. मुळं खोल जातात, जुलैचं ऊन सोसतं. मध्य आणि दक्षिण न्यू जर्सीत आमची पहिली पसंती यालाच. केंटकी ब्लूग्रासला १४ ते २८ दिवस लागतात, त्यामुळे हिवाळ्यात ते सहसा फसत नाही. शिवाय जमिनीखालून धावे सोडून ते मोकळ्या जागा स्वतःच भरून काढतं. (नावात केंटकी असलं तरी मूळ युरोपातलं.) मॅपलच्या सावलीत फाइन फेस्क्यू घ्यावं.

९० टक्के टॉल फेस्क्यू आणि १० टक्के ब्लूग्रास हे मिश्रण उन्हाच्या अंगणाला चांगलं. १० टक्के म्हणजे चिमूटभर वाटतं, पण ब्लूग्रासचं बी फार बारीक असतं. टॉल फेस्क्यूच्या एका पौंडात सव्वादोन लाखांच्या आसपास बिया, तर ब्लूग्रासच्या पौंडात १० ते २० लाख. दाण्यांच्या हिशेबात ब्लूग्रासचा वाटा साधारण एक तृतीयांश ते निम्मा होतो.

स्वस्त पिशवीवर ‘केंटकी ३१’ दिसलं तर ठेवून द्या. तेही टॉल फेस्क्यूच, पण १९४३ साली चाऱ्यासाठी बाजारात आलेलं. रुंद, खरबरीत पात्यांचे झुबके लॉनमध्ये उठून दिसतात. ॲन्युअल, म्हणजे एकवर्षी, रायग्रास तर पुढच्या उन्हाळ्यात मरूनच जातं.

पिशवी उलटी करून मागचं लेबल वाचा. समजा, १० पौंडांची पिशवी आहे, शुद्ध बी ४८ टक्के, उगवण ८५ टक्के, निष्क्रिय पदार्थ ५० टक्के. ते ५० टक्के म्हणजे बहुतेक बियांवरचं लेपन. १० पौंडांचे ४.८, त्याचे ८५ टक्के, म्हणजे हातात ४ पौंडांपेक्षा थोडंच जास्त जिवंत बी. ‘इतर पीक’ हा रकाना निरुपद्रवी वाटतो, पण त्यात ऑर्चर्डग्रास हे चाऱ्याचं गवत दडलेलं असू शकतं. ते लॉनमध्ये शिरलं तर गवताला धक्का न लावता मारणारं तणनाशक नाही. खणूनच काढावं लागतं. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. चाचणीची तारीख चालू वर्षाचीच हवी.

एरवी १००० चौरस फुटांना टॉल फेस्क्यू ८ पौंड, ब्लूग्रास २ ते ३ आणि फाइन फेस्क्यू ४ ते ५ पौंड पुरतं. हिवाळी पेरणीत काही बी पाखरं खातात, काही कुजतं, म्हणून पाव हिस्सा वाढवा.

आधी पानगळ पूर्ण उचला, कारण ओल्या पानांच्या थराखाली बी मातीला टेकतच नाही. गवत दीड-दोन इंचांवर कापा आणि दाताळ्याने माती खरवडा. बियाण्याचे दोन भाग करून एक उभा, एक आडवा फेका. ब्लूग्रास एकटंच असेल तर वाळूत मिसळा. मग खाली वाकून मोजा. टॉल फेस्क्यू असेल तर एका चौरस इंचात साधारण १५ दाणे दिसायला हवेत. वरून पायांनी दाबा किंवा हलका रोलर फिरवा. पाणी घालू नका. पुढचं काम मातीचं गोठणं-वितळणं करतं: रात्री माती गोठून फुगते, सकाळी पोळ्यासारखी जाळीदार दिसते, दुपारी सैल होऊन बसते आणि दाणा आत ओढला जातो. उतारावर मात्र तणाचं बी नसलेला पेंढा पातळ पसरा, नाहीतर बर्फ वितळताना सगळं बी गटारात जाईल. ड्राइव्हवेलगतची फूटभर पट्टी सोडाच, तिथे बर्फावर टाकलेलं मीठ साचतं.

खतही आत्ता नको. न्यू जर्सीत १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकांना लॉनवर खत टाकायला कायद्यानेच बंदी आहे. चुन्याला ती लागू नाही, त्यामुळे माती परीक्षणात आम्लता जास्त निघाली तर चुना हिवाळ्यात टाकता येतो.

डॅलस-फीनिक्सकडच्या नातेवाइकांनी हे वाचून गोंधळू नये. तिकडचं बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी, गणपतीची दूर्वा. ती थंडीत पिवळी पडते, म्हणून तिच्यावर ऑक्टोबरच्या सुमारास रायग्रास पेरून हिवाळा हिरवा ठेवतात. तिथे उतावीळपणाच कामाचा. न्यू जर्सीत मात्र हीच दूर्वा तण म्हणून उपटतात.

एप्रिलमध्ये फेस्क्यू दिसेल, ब्लूग्रास दिसणार नाही. घाईने पुन्हा पेरू नका, मेच्या मध्यापर्यंत थांबा. खरा घात होतो तो फोर्सिथियाची पिवळी फुलं येतात त्या सुमारास. तेव्हा लॉन कंपन्या क्रॅबग्रास हे तण उगवू नये म्हणून प्रोडायामिन किंवा पेंडिमेथालिन टाकतात, आणि ते औषध तण आणि तुमचं बी यांत फरक करत नाही. मेसोट्रायोन हे तणनाशक चालतं, पण फाइन फेस्क्यू असेल तिथे तेही टाळा. वार्षिक कंत्राट असेल तर फेब्रुवारीतच कंपनीला लेखी कळवा, आणि पेरलेल्या जागेभोवती छोट्या झेंड्या रोवा. तोंडी सांगितलेलं गाडी घेऊन येणाऱ्या माणसापर्यंत पोचत नाही.