फाउंड्रीचा सर्व्हर परत उभा करताना

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत दर तिमाहीला, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आम्ही त्यांचा मुख्य सर्व्हर संपला असं धरून चालतो. खरा सर्व्हर शेजारी चालूच असतो, त्याला हात लावत नाही. कामातून काढलेला एक जुना होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन्स चालवणारा संगणक, जपून ठेवलाय, त्यावर आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून सगळी व्हर्च्युअल मशीन्स (एकाच संगणकात सॉफ्टवेअरने बनवलेले वेगवेगळे सर्व्हर) उभी करायची. मग डिस्पॅचच्या काकांना खुर्चीवर बसवायचं आणि म्हणायचं, "काका, काल संध्याकाळचं शेवटचं चलन काढा बघू." चलन निघालं, त्यावरचा हीट नंबर (धातू वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) मेल्टिंगच्या वहीतल्या नोंदीशी जुळला, की ते मशीन पास. नुसतं विंडोजचं लॉगिन दिसलं म्हणून मी पास करत नाही.

मालकांना हे सुरुवातीला पटत नव्हतं. "मॅडम, रोज सकाळी हिरवं येतंय की. मग सुट्टीदिवशी माणसं कशाला बोलवायची?" प्रश्न रास्त आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, जिथे जाते तिथे तो ऐकू येतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

बॅकअपच्या रोजच्या रिपोर्टमधल्या हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच की सॉफ्टवेअरला डिस्कचे जे ब्लॉक (तुकडे) उचलायला सांगितले होते ते उचलून दुसरीकडे ठेवले गेले. योग्य तेच उचलले का, हे त्यात येत नाही. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण 2014 सालचं आहे. व्हर्च्युअल मशीन्स चालवणाऱ्या व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या बॅकअपनंतर डिस्कचे कुठले ब्लॉक बदलले याची यादी होस्ट स्वतः ठेवतो आणि बॅकअप सॉफ्टवेअर तेवढेच ब्लॉक नेतं. 2009 मध्ये त्यांच्या व्हीस्फिअर 4 या आवृत्तीसोबत ही सोय आली आणि रात्रभर चालणारी कामं मिनिटांवर आली. पण 2014 मध्ये उघड झालं की व्हर्च्युअल डिस्क वाढवताना 128 जीबीची हद्द ओलांडली गेली असेल, तर ही यादीच चुकीची येऊ शकते. म्हणजे बॅकअप रोज यशस्वी आणि आतला डेटा अपुरा. उपाय साधा होता, ती यादी शून्यावर आणायची आणि एक पूर्ण बॅकअप नव्याने घ्यायचा. पण उपाय करायला आधी कळायला हवं, आणि रिस्टोअर करून बघितल्याखेरीज ते कळण्याचा मार्ग नव्हता.

आमच्या शिरोलीच्या सरावातही असंच एक प्रकरण बाहेर आलं. ईआरपीचं, म्हणजे कारखान्याचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, डेटाबेस मशीन उभं राहिलं, पण त्याची दुसरी डिस्क गायब. शोधल्यावर दिसलं की पूर्वी कोणीतरी ती 'इंडिपेंडंट' प्रकारची करून ठेवली होती. अशी डिस्क मशीनच्या स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे त्या क्षणी टिपलेल्या स्थितीत, येत नाही, आणि स्नॅपशॉटमध्ये नाही म्हणजे त्यावर चालणाऱ्या बॅकअपमध्येही नाही. त्या डिस्कवर ड्रॉइंगच्या जोडलेल्या फाइल्स आणि ग्राहकांना पाठवलेले तपासणी अहवाल होते. खरा सर्व्हर तेव्हा धडधाकट होता, त्यामुळे दुपारपर्यंत डिस्कचा प्रकार बदलून बॅकअप लावून मोकळे झालो. पुढच्या सरावाला मालकांनी सुट्टीचा विषय काढला नाही, उलट चहा-नाष्टा त्यांच्याकडूनच आला.

स्नॅपशॉटचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते, कारण त्याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल नसेल. ईआरपीवाल्यांचा इंजिनिअर अपडेट टाकण्याआधी स्नॅपशॉट घेतो, अपडेट नीट बसतं, तो निघून जातो आणि स्नॅपशॉट तिथेच राहतो. एका ठिकाणी मी दिवाळीआधी घेतलेला स्नॅपशॉट पावसाळ्यात पाहिलाय, आणि तिथली मंडळी "आपल्याकडे जुना बॅकअपसुद्धा आहे" म्हणून निश्चिंत होती. तो बॅकअप नसतो. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क आहे तिथे गोठते आणि त्यानंतरचे बदल एका वेगळ्या फाइलमध्ये साठत जातात. दोन्ही फाइल्स त्याच डेटास्टोअरवर, म्हणजे होस्टच्या साठवणीच्या जागेवर. मूळ फाइल गेली तर बदलांची फाइल एकटी काहीच कामाची नाही. शिवाय ती फुगत जाते आणि डेटास्टोअर भरला की त्यावरची इतर मशीन्सही अडकतात. एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं खुद्द व्हीएमवेअरच सांगतं. बॅकअप सॉफ्टवेअरही स्नॅपशॉट घेतं, पण प्रत काढण्यापुरता, आणि काम झालं की मिटवून टाकतं.

डेटाबेसचं आणखी एक पथ्य आहे. बाहेरून नुसती डिस्कची प्रत काढली तर ती चालू मशीनची वीज अचानक गेल्यावर डिस्क जशी असेल तशी मिळते. एसक्यूएल सर्व्हर अशातून बहुतेकदा सावरतो, पण 'बहुतेकदा'वर मी कोणाचा धंदा सोडणार नाही. विंडोजमधली व्हीएसएस ही यंत्रणा डेटाबेसला क्षणभर थांबवून हातातलं लिहून पूर्ण करायला लावते, मग प्रत निघते. बॅकअपच्या सेटिंगमध्ये हा पर्याय चालू आहे का आणि त्यासाठी दिलेला पासवर्ड अजून चालतो का, हे मी प्रत्येक भेटीत बघते. पासवर्ड बदलला की ही सोय निकामी होते आणि काही ठिकाणी सॉफ्टवेअर त्याशिवायच पुढे जायला सांगून ठेवलेलं असतं.

पण सरावात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो क्रम ठरवण्यात. व्हर्च्युअल मशीन्स एकमेकांवर अवलंबून असतात. ईआरपीला डेटाबेस हवा, डेटाबेसला डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर) हवा, सगळ्यांना डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी यंत्रणा) हवा, आणि डीएनएस त्याच डोमेन कंट्रोलरवर. इथपर्यंत ठीक. पण बॅकअप सर्व्हरही त्याच डोमेनमध्ये जोडलेला, आणि होस्टचा पत्ता आकड्यांऐवजी नावाने भरलेला. म्हणजे डोमेन कंट्रोलर परत आणायला बॅकअप सर्व्हरवर लॉगिन हवं, आणि लॉगिनला डोमेन कंट्रोलर हवा. खोली थंड आहे, सगळे निवांत आहेत, तोवर हे कोडं सोडवायला मजा येते. ट्रक गेटवर उभे असताना ते समोर यावं असं मला कोणत्याच कारखान्यासाठी वाटत नाही. आता तिथे बॅकअप सर्व्हर डोमेनच्या बाहेर आहे, त्याचं स्वतःचं खातं आहे, होस्टचे पत्ते आकड्यांत आहेत. कुठलं मशीन कितव्या नंबरला चालू करायचं याचा कागद छापून लावलाय. बॅकअपच्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड बंद पाकिटात मालकांच्या कपाटात आहे. तो पासवर्ड जर त्याच सर्व्हरवरच्या एक्सेलमध्ये असेल तर बॅकअप असून नसल्यातच जमा.

सराव करणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या होस्टवर उभ्या केलेल्या मशीन्सना खऱ्या नेटवर्कची वाट देऊ नका. बाहेरची केबल न जोडलेला वेगळा व्हर्च्युअल स्विच करा. नाहीतर एकाच नावाचे दोन डोमेन कंट्रोलर एकमेकांना भेटतील, आणि ईआरपीतला शेड्युलर जागा होऊन सप्लायरना तीच पर्चेस ऑर्डर पुन्हा मेल करेल.

बॅकअप सर्व्हर डोमेनबाहेर ठेवण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. खंडणीखोर आत शिरतात तेव्हा फाइल्स लॉक करण्याआधी बॅकअप शोधून पुसतात, आणि डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाती लागला की डोमेनमधलं सगळंच त्यांचं. हल्ला आता विंडोजपुरताही उरलेला नाही. फेब्रुवारी 2023 च्या सुरुवातीला ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या हल्ल्यात जगभरातले हजारो ईएसएक्सआय होस्टच, म्हणजे व्हीएमवेअरचे होस्टच, लॉक झाले. ज्या दोषाकडे बोट दाखवलं गेलं त्याचा पॅच (दुरुस्ती) दोन वर्षं आधी, फेब्रुवारी 2021 मध्येच निघाला होता. होस्ट लॉक झाला की त्यावरची सगळी मशीन्स एका फटक्यात गेली. सगळं एका पेटीत आणण्याचा हा दुसरा चेहरा. म्हणून एक प्रत अशी हवी की जी ठरलेल्या मुदतीपर्यंत अ‍ॅडमिनलाही पुसता येऊ नये. छोट्या कारखान्याला त्यासाठी महागडं काही लागत नाही. साधी लिनक्सची पेटी, तिच्यावर न बदलता येणारी साठवण, आणि तिचा पासवर्ड इतर कुठल्याच यंत्रणेत जतन न केलेला. ही पेटी कुलुपात ठेवा, कारण समोर जाऊन डिस्क काढणाऱ्याला कुठलं सॉफ्टवेअर अडवू शकत नाही.

प्रत बाहेरगावी ठेवण्याबद्दल आम्हा कोल्हापूरकरांना वेगळं समजवावं लागू नये. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे 43. शाहूपुरीत पाणी, महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. ज्यांचा कारखाना शिरोलीत आणि दुसरी प्रत शहरातल्या ऑफिसात, त्यांची प्रत सुरक्षित असूनही नदीच्या पलीकडे अडकली होती. अंतर मोजताना मी आता किलोमीटर बघत नाही, मधे पंचगंगा आहे का ते बघते. शिरोलीच्या फाउंड्रीची एक प्रत नदीच्या उत्तरेला, एक दक्षिणेला गोकुळ शिरगावच्या युनिटमध्ये आणि एक क्लाउडवर आहे. ज्यांना हा खर्च जास्त वाटतो त्यांना मी मार्च 2021 मधली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गची आग सांगते. ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं, आणि काही ग्राहकांचे बॅकअप त्याच इमारतीत होते.

क्लाउडच्या प्रतीबद्दल मात्र गणित आधी मांडा. शिरोलीचा एकूण डेटा सुमारे 4 टीबी. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला साधारण 110 एमबी धरले तर तो परत यायला दहा तास. क्लाउडवरून 100 एमबीपीएसच्या लाइनने, लाइन एकदाही न तुटता, साडेतीन दिवसांहून जास्त. मालकांसमोर हे दोन आकडे ठेवले आणि विचारलं, डिस्पॅच किती वेळ थांबलेलं चालेल? उत्तर आलं, "एक शिफ्ट. त्याच्या पुढं कस्टमरची लाइन थांबते." त्या एका वाक्यावर पुढची सगळी रचना ठरली. डिस्पॅच आणि वजनकाट्याचं मशीन बॅकअपच्या पेटीवरूनच थेट चालू करायचं, ते हळू चालेल पण चलन निघेल, आणि मागे कॉपी चालू राहील. मेल, जुनी ड्रॉइंग्ज, हजेरी नंतर. क्लाउडची प्रत शेवटच्या आधारासाठी. मला विचाराल तर बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे एक वाक्य मालकांच्या तोंडून काढून घ्यायला हवं. माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी सॉफ्टवेअर विकत घेऊन मग येतात.

कायदाही आता जागा झालाय. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमात ऑगस्ट 2022 मध्ये बदल झाला आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा भारतातल्या सर्व्हरवरचा बॅकअप रोज घेणं बंधनकारक झालं. आधी तिथे 'ठरावीक काळाने' एवढंच होतं. हिशेब आठ आर्थिक वर्षं जपायचे असतात. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यापासून आणि कायमस्वरूपी लायसन्स बंद झाल्यापासून आमच्याकडचे बरेच कारखाने प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळताहेत. वळा, मीही वळवतेय, ते चांगलं चालतं. पण जुन्या होस्टवरचे बॅकअप उघडायला जे सॉफ्टवेअर लागतं ते, त्याचं लायसन्स आणि चालू होणारं एक मशीन मोडीत काढू नका. 2021 चा लेजर ऑडिटरने मागितला की तो त्यातूनच काढावा लागणार.

शिरोलीत एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ईआरपीचं लायसन्स मशीनच्या नेटवर्क कार्डच्या मॅक पत्त्याला बांधलेलं आहे. मशीन नव्याने उभं केलं की तो पत्ता बदलतो आणि लायसन्स नाकारलं जातं. मॅक हाताने जुना भरून आम्ही सराव पार पाडतो. लायसन्स सर्व्हरचा यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली असलेलं छोटं उपकरण) मात्र एकच आहे आणि तो जिवंत होस्टच्या मागे लावलेला. होस्टसोबत तोही गेला तर? विक्रेत्याला मी लेखी विचारलंय की आपत्तीत तात्पुरतं लायसन्स किती तासांत द्याल, आणि रविवारी फोन कोण उचलेल. त्याचं उत्तर आल्यावर कागदावरच्या क्रमात ती ओळ सर्वात वर जाईल. तुमच्यापैकी कोणी असं लेखी आश्वासन मिळवलं असेल तर त्यातली वाक्यं कळवा. मला ती करारात घालायची आहेत.