बाप्तिस्म्यापासून अंत्यविधीपर्यंत, उत्तर कोण देतं?

चर्चमधल्या कुठल्याही विधीला गेले की हल्ली माझं सगळं लक्ष प्रश्नांकडे असतं. म्हणजे फादर किंवा पाळकसाहेब काय विचारतायत आणि उत्तर कोण देतंय. माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतचे आपले विधी एकामागे एक आठवून बघा, तो उत्तर देणारा आवाज बदलत जातो, आणि श्रद्धा ही एकट्याने पेलायची गोष्ट नाही हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा त्यातून जास्त कळलंय.

बाळाच्या बाप्तिस्म्याला बाळ तर बोलू शकत नाही. सैतानाला नाकारता का, देवपित्यावर विश्वास ठेवता का, असं विचारतात तेव्हा आईवडील आणि धर्ममातापिता (म्हणजे गॉडपेरेंट्स, बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे) "होय" म्हणतात. मग डोक्यावर तीनदा पाणी, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर बाळाला तीनदा पाण्यात बुडवतात आणि त्याच विधीत तेलाचा अभिषेक होतो, शिवाय ख्रिस्तप्रसादही, म्हणजे कम्युनियनही, तान्हेपणीच मिळतो, म्हणजे आपल्याकडे ज्याला दहा-पंधरा वर्षं लागतात ते सगळं तिथे सुरुवातीलाच.

पण दुसऱ्याने माझ्या वतीने होय म्हणायचं हे सगळ्यांना कधीच पटलेलं नाही. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही लोकांनी मोठेपणी, स्वतःच्या तोंडाने कबुली देऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये तिथल्याच लिम्माट नदीत बुडवून मारलं. पाण्याची शिक्षा, पाण्याच्या संस्कारासाठी! आज बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या लहान बाळाचं फक्त समर्पण करतात आणि बाप्तिस्म्यासाठी ते मूल मोठं होऊन स्वतः मागेपर्यंत थांबतात. मला स्वतःला बालबाप्तिस्मा मनापासून पटतो, पण एक अट आहे, पुढे त्या मुलाला ते उत्तर स्वतः द्यायची खरी संधी मिळाली पाहिजे.

ती संधी म्हणजे दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशन, मुलाने मोठं झाल्यावर स्वतः विश्वास जाहीर करण्याचा विधी. मधे कॅथलिक मुलांचं पहिलं कन्फेशन (पापांची कबुली) आणि पहिलं कम्युनियन होतं, साधारण सातव्या वर्षाच्या आसपास, हे वय १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी खाली आणलं, त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत थांबावं लागायचं. पण दृढीकरणाला बिशप तेच बाप्तिस्म्याचे प्रश्न पुन्हा विचारतात आणि आता मुलगा किंवा मुलगी स्वतः बोलते. नीट बघा कधी, मूल बिशपसमोर उभं असतं, मागून धर्मपित्याचा किंवा धर्ममातेचा उजवा हात त्याच्या खांद्यावर, आणि बिशप अंगठ्याने कपाळावर तेलाचा क्रूस काढतात, ऑलिव्ह तेलात सुगंधी बाल्सम घालून ते तेल पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, बिशपांनीच आशीर्वादित केलेलं असतं, त्याचा वास नंतर बराच वेळ त्या मुलाच्या अंगाला येतो. तो खांद्यावरचा हात मला फार महत्त्वाचा वाटतो. उत्तर तुझं तू दे, पण आम्ही मागे आहोत. म्हणूनच दृढीकरणाचा वर्ग म्हणजे नुसती पाठांतराची परीक्षा झाली की मला खरंच वाईट वाटतं, आणि एखादं मूल "मी अजून तयार नाही" म्हणालं तर त्याला रागावू नका प्लीज, त्याने तो प्रश्न बाकीच्यांपेक्षा जास्त गंभीरपणे घेतलाय.

लग्नात कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे संस्कार फादर देत नाहीत, नवरा-बायको एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने साक्षीला उभे असतात. सुखदुःखात, आजारपणात, मरणाने वेगळं करेपर्यंत ही वचनं इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातही होती आणि आज सगळीकडे ओळखीची आहेत. ग्रीक ऑर्थोडॉक्स लग्नात मात्र वधूवर काहीच बोलत नाहीत, त्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवतात आणि आशीर्वाद देऊन तीन फेऱ्या घालायला लावतात. जो गुरुदीक्षा घेतो, म्हणजे फादर होतो, तो नाव पुकारल्यावर "मी हजर आहे" म्हणतो आणि मग वेदीसमोर पालथा पडून राहतो, सगळी मंडळी त्याच्यासाठी संतांची मध्यस्थी मागत असते तेव्हा तो एकटाच जमिनीला टेकलेला असतो.

आता आजारपणातला तेलाभ्यंग, म्हणजे आजारी माणसाला तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार, आणि याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. खूप घरांत अजून असं समजतात की फादर तेल घेऊन आले म्हणजे संपलं, म्हणून पेशंट घाबरेल या भीतीने बोलवायचं टाळत राहतात, आणि बोलावतात तेव्हा तो शुद्धीवर नसतो. पण कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ मध्ये पोप सहावे पौल यांनी हा विधी बदलला, तो गंभीर आजारात किंवा म्हातारपणी कधीही घेता येतो, मोठ्या ऑपरेशनआधी घेता येतो, आणि पुन्हा आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात म्हटलंय, कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, मरायला टेकला असेल तर असं कुठेच नाही. कपाळाला आणि हातांना तेल लावताना त्या माणसाला स्वतःच्या तोंडाने "आमेन" म्हणता यावं, निदान तेवढं तरी त्याच्यापासून हिरावून घेऊ नका. मरणाच्या दारातल्या माणसासाठी खरं तर शेवटचा ख्रिस्तप्रसाद असतो, वाटेची शिदोरी म्हणून.

आणि अंत्यविधीला पुन्हा दुसरेच बोलतात. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, पांढरं वस्त्र घालतात, बाप्तिस्म्याला बाळाची मेणबत्ती ज्या पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवतात ती शेजारी ठेवतात, सगळी बाप्तिस्म्याचीच आठवण. दहनाला १९६३ पासून कॅथलिक चर्चची परवानगी आहे, त्यामुळे दफन नाही झालं म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नये. त्या वेळी घरच्यांचा आवाज फुटत नाही, प्रार्थनेतले प्रतिसाद अर्धवट राहतात, स्तोत्र मधेच थांबतं. म्हणून कुणाच्याही अंत्यविधीला गेलात तर मागे उभं राहून गप्प बसू नका, ओळखीचं माणूस असो वा नसो, प्रत्येक प्रतिसाद मोठ्याने म्हणा, त्या दिवशी ते काम आपलं आहे.